आमची वाटचाल : अंड्यांच्या वहीतून

आमच्या धंद्याची पहिली खतावणी म्हणजे थोरलीची चौकटीची वही. डावीकडे तारीख, मध्ये अंडी किती, उजवीकडे पैसे आणि कोपऱ्यात त्या दिवशी दगा दिलेल्या कोंबडीचं नाव. थोरली तेव्हा 7 वर्षांची होती आणि शाळेत जात नव्हती. अंडी विकायची कल्पना आम्हा मोठ्यांची नव्हेच. घरात 12 कोंबड्या, खाणारी माणसं 5, त्यात सासूबाई अंड्याला शिवतही नाहीत. फ्रीज भरला तेव्हा हीच बया कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी भाव करून आली. हिचा भाव अंड्याला 10 रुपये, तो 8 वर अडला. मग हिने डझनामागे एक अंडं फुकट कबूल केलं आणि 10 चा भाव टिकवला. घरी येऊन मला विचारते, "आई, आपण फसलो का गं?"

दोघींनी ओसरीवर बसून हिशेब मांडला. 13 अंड्यांचे 120 रुपये, म्हणजे एका अंड्याला 9 रुपये 23 पैसे. फसलो नव्हतो. महिनाभर न जमलेला भागाकार त्या दुपारी तिला आला.

त्याच्या आधीचं थोडक्यात सांगते. 2014 पर्यंत आम्ही पुण्यात होतो, दोघंही नोकरीला. थोरलीची पहिली झाली होती, धाकटा 3 वर्षांचा. शाळा वाईट नव्हती, उगाच नाव ठेवणार नाही. पण सकाळी पावणेसातची बस, संध्याकाळी पाळणाघर आणि रात्री गृहपाठावरून रडारड, यात मुलीशी बोलायचंच राहून जायचं. सासवडच्या पुढे यांची वडिलोपार्जित दोन एकर होती, थोडी सीताफळं आणि बाकी पड. आम्ही तिथे आलो. हे आठवड्यातून तीन दिवस पुण्याला हिशेबाच्या कामाला जात राहिले. ते पैसे नसते तर ही वाटचाल पहिल्याच उन्हाळ्यात संपली असती. नोकरी सोडून शेतीत गेलेल्यांच्या गोष्टीत ही ओळ बहुधा गाळलेली असते.

मुलांना घरी शिकवतो म्हटल्यावर गावाने आम्हाला वेड्यात काढलं. "वहिनी, शाळा इथून हाकेवर आहे की!" हे मी किती जणांकडून ऐकलं, मोजलं नाही. यांच्या मामांनी उलट कौतुक केलं, ही तर गांधीजींची नई तालीम, हाताने काम करत शिकणं, म्हणाले. ती जिथे मांडली गेली ती 1937 ची वर्धा परिषद मला परीक्षेतल्या एका गुणापुरती माहीत होती. आमच्या डोक्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं. सकाळी दोन तास भाषा-गणित आणि उरलेला दिवस मोकळा, एवढीच योजना. त्या मोकळ्या दिवसात कोंबड्या शिरल्या.

2018 साली आम्ही घरीच अंडी उबवणीचं यंत्र केलं. थर्माकोलचं खोकं, 40 वॉटचा बल्ब, एक थर्मोस्टॅट, पाण्याची वाटी. तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास, अंडी दिवसातून तीन-चारदा उलटायची, 18 व्या दिवसानंतर हात लावायचा नाही, 21 व्या दिवशी पिल्लू. कागदावर सोपं होतं. 30 अंडी ठेवली. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या उजेडावर धरून पाहिली तर 9 पोकळ, म्हणजे आत गर्भच न धरलेली निघाली. उरलेल्या 21 मध्ये लाल शिरांचं जाळं दिसत होतं. ते पाहून धाकटा रात्री झोपेना. शेवटी पिल्लं निघाली 4. बाकीची आतल्या आत, पूर्ण वाढून मेलेली. शेवटच्या तीन दिवसांत दमटपणा वाढवायचा असतो, नाहीतर आतला पापुद्रा सुकून चिवट होतो आणि पिल्लाला तो फोडता येत नाही. आमची वाटी कधीच कोरडी पडली होती.

मग घरात आठवडाभर वाद चालला. हे म्हणायचे निकाल 13 टक्के, थोरली म्हणायची 19. भागायचं 30 ने की 21 ने? पोकळ अंड्यांचा दोष कोंबड्याचा की यंत्राचा? आजही आमच्या वहीत दोन्ही रकाने आहेत आणि पिल्लं घ्यायला येणाऱ्याला दोन्ही आकडे दाखवतो.

आता आमची मोठी चूक. पुढच्या वर्षी 58 पिल्लं होती. सातव्या दिवशी राणीखेत रोगावरची लासोटा लस डोळ्यात थेंबाथेंबाने दिली, थर्मासमध्ये बर्फात घालून आणली होती, सगळं नीट. चौथ्या आठवड्यातली दुसरी मात्रा पाण्यातून द्यायची होती. नळाचं पाणी भरलं, लस मिसळली, पिल्लांनी प्यायली, आम्ही निर्धास्त. तीन महिन्यांनी एका सकाळी दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, माना पिळवटून पडलेल्या दिसल्या. विष्ठा हिरवी. राणीखेतच, गावात म्हणतात तशी मर लागली होती. आठ दिवसांत 43 गेल्या. मुलं रोज सकाळी खुराडं उघडायला माझ्या आधी धावायची, ती दारात थांबायला लागली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी बाकी काही न विचारता एकच विचारलं, "ताई, लशीला पाणी कुठलं घेतलं?" नळाचं. "टीसीएल टाकतात ना त्यात? मग लस धुऊनच टाकलीत की." ती लस म्हणजे जिवंत विषाणू, आणि टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, तिच्यातला क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतो. आम्ही दोघं पदवीधर, पण कोणाच्या डोक्यात आलं नाही.

थोरली गप्प बसली नाही. पाणी सोडणाऱ्या काकांकडे क्लोरीन तपासायच्या द्रावणाची बाटली असते. ती मागून आणली. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, विहिरीच्या पाण्यात होत नाही. नळाचं पाणी उघड्या घमेल्यात एक दिवस ठेवलं तर पिवळेपणा फिका पडत जातो, हे तिने तासातासाला टिपलं. तेव्हापासून लशीला विहिरीचं पाणी, त्यात लिटरमागे 5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर, आणि आधी दोन तास कोंबड्या तहानलेल्या ठेवायच्या, म्हणजे सगळ्या झटपट पितात. नवीन पाळणाऱ्यांना आम्ही पिल्लांबरोबर हे फुकट सांगतो. ऐकतात फार थोडे.

शेळ्या त्याआधीच, 2016 मध्ये आल्या होत्या. यवतच्या बाजारातून दोन उस्मानाबादी आणल्या, काळ्याभोर, लांब कानांच्या. विकणाऱ्याने दोन दाती म्हणून दिलेली एक घरी आल्यावर तोंड उघडून पाहिली तर आठ दाती, म्हणजे म्हातारपणाकडे झुकलेली. पण तिनेच आम्हाला पहिली जुळी करडं दिली. वार पडेपर्यंत रात्रभर सगळे गोठ्यात. चीक वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा पहिल्या दिवसात पोटात गेला पाहिजे, म्हणून 2 किलो 200 ग्रॅमच्या करडाला 220 मिली, हे गणित मुलीने कंदिलाच्या उजेडात तोंडी केलं. सीताफळीच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, त्यामुळे बाग वाचली. बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावली. पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची लस वेळच्या वेळी. शेळ्यांनी आम्हाला कोंबड्यांइतकं छळलं नाही.

छळ झाला तो वेगळाच. बोकडांना नावं ठेवायची नाहीत असा नियम होता, म्हणून धाकटा त्यांना नंबरने हाक मारायचा. पण 12 नंबर हेच नाव झालं. बकरी ईदला 12 नंबर गेला, त्या दिवशी पोरगा जेवला नाही. पुढच्या वर्षी वजनकाटा त्यानेच धरला आणि किलोचा भावही त्यानेच सांगितला. यात तो शहाणा झाला की निबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून करोना होतो अशी अफवा उठली आणि आमची अंडी कोणी घेईना. मग टाळेबंदी आली आणि वारं फिरलं. हडपसरच्या सोसायट्यांतून फोन सुरू झाले. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू सापडला तेव्हा तीन आठवडे पुन्हा शुकशुकाट, नंतर पुन्हा मागणी. त्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत आमच्याकडे 340 कोंबड्या, 38 शेळ्या आणि अंडी घेणारी 60 ठरलेली घरं होती. लोक म्हणायचे, मुलं किती तयार झाली बघा! मलाही अभिमान वाटायचा. भेटायला येणाऱ्यांना मीच सांगायचे, यांची शाळा म्हणजे हे सगळं.

नोव्हेंबरात महिन्याचा हिशेब करताना अंड्यांची वही उघडली. थोरलीच्या अक्षरात एका तारखेपुढे लिहिलं होतं, "310 अंडी पुसली. शिकले काही नाही."

मागची पानं चाळली. सहा आठवड्यांत गणिताचं पान नाही, वाचलेल्या पुस्तकाचं नाव नाही, कोपऱ्यातली कोंबड्यांची नावंसुद्धा बंद. अंडी आम्ही धूत नाही, धुतलं की कवचावरचा थर जातो आणि अंडं लवकर खराब होतं. म्हणून प्रत्येक अंडं कोरड्या फडक्याने पुसायचं. पहिली 50 पुसताना कवचं बघून शिंपल्यांची पूड कमी पडते का ते कळतं. पुढच्या 260 मध्ये नवीन काहीच नसतं. तिथे शिक्षण संपून मजुरी सुरू होते. ती मजुरी आम्ही वाचवत होतो आणि तिला अनुभवातून शिक्षण असं गोंडस नाव देत होतो. 13 वर्षांच्या मुलीच्या एका ओळीने ते उघडं पडलं.

हे कधी आवाज चढवत नाहीत, त्या रात्री आमचं चांगलंच वाजलं. खाद्याची उधारी फिटायची होती, त्यामुळे त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. शेवटी श्रावणाच्या तोंडावर, एरवीही अंड्याला गिऱ्हाईक कमी होतं तेव्हा, कोंबड्या 140 वर आणल्या. घरं 25 ठेवली. ज्यांना नाही म्हटलं त्यातल्या दोघी माझ्या मैत्रिणी होत्या, एक अजून बोलत नाही. गावातलं एक जोडपं कामाला ठेवलं. मुलांनी सकाळी दोन तास काम करायचं, त्यावर केलं तर मोठ्यांच्या दराने तासाचे पैसे. थोरलीने मागच्या दोन वर्षांचं बिल काढून बापाच्या हातात दिलं. रोख नव्हती म्हणून चार शेळ्या तिच्या नावावर केल्या. त्यांच्या चाऱ्याचे पैसे आम्ही तिच्याकडून कापतो, ती कुरकुरते, पण देते.

दहावीची परीक्षा तिने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दिली. वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात आणि पाच विषय. पाचही एकदम द्यायचं बंधन नाही, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. तिने 2023 मध्ये एकदमच दिले. विज्ञान-गणितात छान, सामाजिक शास्त्रात जेमतेम, कारण आमच्या गोठ्यात राज्यघटना कुठून येणार? ती बाजू आमच्याकडून राहिली, हे कबूल. आता ही जनावरांची डॉक्टर होणार असं सगळे धरून चालतात. तिने वाणिज्य शाखा घेतली आहे.

धाकट्याने वेगळाच धक्का दिला. त्याला कबड्डी खेळायची होती आणि कबड्डीला एका बाजूला सात जण लागतात, इथे तो एकटा. "मला शाळेत घाला" म्हणाला. जून 2024 मध्ये गावातल्याच शाळेत आठवीत बसला. आधीच्या शाळेचा दाखला नव्हता, पण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाला साजेशा वर्गात घेता येतं, फार धावपळ करावी लागली नाही. हाकेवरची ती शाळा. ज्यांनी मला दहा वर्षं ते ऐकवलं, ते आता काही बोलत नाहीत, नुसते हसतात.

उबवणीचं खातं अजून त्याच्याकडे आहे. यंत्र आता 100 अंड्यांचं आहे, विकत घेतलेलं. अंडी शनिवारीच ठेवायची असा त्याचा हुकूम आहे, कारण 21 व्या दिवशी पुन्हा शनिवार येतो आणि शनिवारी शाळा सकाळची असते. पिल्लं कवच टोचायला लागतात तेव्हा त्याला घरी असायचं असतं. ज्यांनी पिल्लं सांगून ठेवली आहेत त्यांनी म्हणून रविवारी सकाळी यावं. येताना पुठ्ठ्याचं खोकं आणा, आणि भोकं घरूनच पाडून आणा, आमच्याकडची कात्री कायम हरवलेली असते.