अनेइट्युम: गेडीची कबर शोधायला जाऊ नका

जॉन गेडी या ख्रिस्ती मिशनऱ्याची कबर बघायची म्हणून पॅसिफिकमधल्या व्हानुआटू देशातल्या अनेइट्युम बेटाचं तिकीट काढत असाल तर थांबा. ती तिथं नाहीच. गेडी 1872 मध्ये ऑस्ट्रेलियात, जिलाँगला वारला. राजधानी पोर्ट व्हिलात ज्यानं आमची सहल ठरवून दिली त्यानं मात्र 'चर्च आणि कबर' म्हणून वेगळे पैसे लावले होते. विचारलं तर म्हणे, गावात कुणीतरी दाखवेल!

दुसरी लूट होडीची. व्हानुआटूच्या या दक्षिण टोकाच्या बेटाची धावपट्टी समोरच्या चिमुकल्या मिस्ट्री आयलंडवर आहे आणि तिथं वस्ती नाही. अनेलगौहात गावात जायचं तर होडीच, आणि तीही जेमतेम दहा मिनिटांची. नेमकं त्या दिवशी क्रूझचं जहाज लागलं होतं, त्यामुळे आम्हाला तिप्पट भाव सांगितला. घासाघीस केली, शेवटी दिले. जहाज कधी लागणार ते आधी विचारा आणि तो दिवस टाळा.

गेडीचं चर्च आहे, पण अवशेषांच्या रूपात. छप्पर नाही, जाड दगडी भिंती आणि त्यांच्या फटींतून घुसलेली झाडांची मुळं. एके काळी इथं हजारेक माणसं बसायची. 1875 च्या त्सुनामीनं इमारत मोडली. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातल्या एका लहानशा प्रेस्बिटेरियन मंडळीनं पाठवलेला गेडी 1846 च्या नोव्हेंबरात हॅलिफॅक्सहून निघाला, तो जुलै 1848 मध्ये इथं पोचला. त्याच्या आधी चंदनाचे व्यापारी येऊन बसलेच होते. बायबल छापायला पैसे हवे होते, म्हणून बेटावरच्या लोकांनी आरारूट तयार करून विकायला दिलं. नवा करार 1863 मध्ये लंडनला छापून झाला. हे मला कबरीपेक्षा मोठं वाटतं, पण वाटाड्याला यातलं काही सांगायचं नव्हतं.

गेडीच्या स्मृतिफलकावरचं वाक्य प्रसिद्ध आहे: तो 1848 मध्ये आला तेव्हा इथं एकही ख्रिस्ती नव्हता, 1872 मध्ये गेला तेव्हा एकही अख्रिस्ती उरला नव्हता. ठीक. पण 1861 च्या गोवरात माणसं किती मेली, तेही कुठंतरी कोरायला हवं होतं.

आता उत्तरेची वाट. उत्तरेच्या अनामेला 1852 पासून जॉन इंग्लिस हा दुसरा मिशनरी होता, म्हणून आम्ही डोंगर ओलांडून तिकडं निघालो. 'सोपी पायवाट' हे साफ खोटं. लाल माती पावसानं लोण्यासारखी झालेली, धरायला मुळांशिवाय काही नाही, आणि ओढा पुन्हा पुन्हा आडवा येतो. भर पावसाळ्यात सह्याद्रीत घसरण्याची सवय असेल तरच जा. पकड गेलेले बूट घालून आलेला आमचा एक सोबती उतारभर बसूनच आला. मला विचाराल तर होडीनं वळसा घालून जा. तिथंही पैसे जातील, पण गुडघे राहतील.

बेटावर एटीएम धरू नका. वातू, म्हणजे इथलं चलन, पोर्ट व्हिलातूनच न्या, तेही सुट्टे, कारण मोठी नोट दिली की उरलेले परत येत नाहीत. रविवारी सगळे प्रार्थनेला असतात, त्या दिवशी ना वाटाड्या मिळतो ना होडी. मलेरियाविरुद्ध 1991 मध्ये इथं मोठी मोहीम झाली आणि तो हटला. पण वाटेत इतर बेटांवर थांबणार असाल तर मच्छरदाणी न्याच. परतीच्या होडीचे पैसे आगाऊ मागतील. देऊ नका. धावपट्टीवर पाय ठेवल्यावर द्या.