पीक संरक्षणाची बंदूक : परवाना काढतानाचा माझा अनुभव

बंदुकीचा परवाना काढला असं कळलं की आमच्या भागात लोक दोनच प्रश्न विचारतात. "किती लागले?" आणि "कोणासाठी काढली?" पहिल्याचं उत्तर सरकारी फी, झेरॉक्स आणि एसटीचं तिकीट. दुसऱ्याचं उत्तर रानडुक्कर. तिसरा प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या पुतण्यानं केला. "काका, स्वतःच्या वावरात बंदूक ठेवायला सरकारला कशाला विचारायचं? मग आपण कसले स्वतंत्र?" एकीकडे फाईल चालली होती आणि दुसरीकडे त्याच्याशी हा वाद, म्हणून दोन्ही एकत्रच लिहितो.

गाव वर्धा नदीच्या काठाचं, यवतमाळ-चंद्रपूरच्या शिवेवरचं. वावर गावापासून लांब, एका धुऱ्याला, म्हणजे बांधाला, नाला आणि पलीकडे झुडपी जंगल. पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन, रब्बीला हरभरा. ज्वारी पेरणं आमच्या शिवारात जवळजवळ बंदच झालं. पाखरं आणि डुकरं मिळून कणीस घरी येऊ देत नाहीत. डुक्कर हरभऱ्यात खातं कमी आणि उकरतं जास्त. रोही, म्हणजे नीलगाय, तुरीचे शेंडे खुडत निघतो, कळप गेला की ओळीच्या ओळी बोडक्या. कुंपणाच्या तारेला हलका झटका देणारी झटका मशीन लावली. सुरुवातीला डुकरं दबकली, मग एक दांडगा नर तारेखालची माती उकरून आत शिरायला लागला आणि त्याच्यामागून सगळं खटलं. काही जण तारेत थेट लाईनचा करंट सोडतात. त्या तारांनी विदर्भात डुकरांसोबत वाघ मारले आणि अंधारात वावरात गेलेली माणसंही मारली. ते मला करायचं नव्हतं.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या राखणीचा वेगळा उल्लेख आहे, हे मला अर्ज करायच्या आधी ठाऊक नव्हतं. खरोखर पीक राखायचं असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, आणि ती पुरणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. ठासणीची म्हणजे आपली भरमार. गडचिरोलीकडे पोलीस लोकांना भरमार आणून जमा करायला सांगतात, कारण ती जशी शिकाऱ्याच्या घरात सापडली तशी नक्षलवाद्यांच्या हातातही सापडली. मला काडतुसाची बारा बोअर हवी होती. भरमारीत दारू भरा, ठासा, छर्रे टाका, आणि दव पडलेल्या रात्री ती दारू पेटेलच याची खात्री नाही. एक बार फुसका गेला की डुक्कर काही दुसऱ्याची वाट पाहत थांबत नाही.

अर्ज ऑनलाईन भरायचा, मग प्रिंट आणि कागदांची चळत. सेतूतल्या पोरानं विचारलं, "काका, आत्मसंरक्षण टाकू का पीक संरक्षण?" हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळी फाईल त्याच्यावर चालते. आत्मसंरक्षण म्हटलं की तुम्हाला कोणापासून धोका आहे ते दाखवावं लागतं. पीक संरक्षण म्हटलं की सातबारा, आठ-अ आणि नुकसान. नुकसानभरपाईसाठी वनखात्यानं केलेल्या पंचनाम्यांच्या प्रती मी जपून ठेवल्या होत्या, त्या इथे सोन्याच्या मोलाच्या ठरल्या. शिवाय बंदूक हाताळायच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, बंदूक कुलपात ठेवीन असं हमीपत्र आणि शरीर-मन ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला.

दाखल्याच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "झोप नीट लागते का?"

"हंगामात कुठची झोप, साहेब? जागलीले, रात्रीच्या राखणीले जातो ना."

त्यांचा पेन थांबला. निद्रानाश लिहावा की शेतकरी लिहावं, असा काहीसा पेच त्यांच्या चेहऱ्यावर होता. मग घरी रागावता का, दारू घेता का, कर्ज किती, कधी जीव नकोसा होतो का, हे सगळं विचारलं. शेवटचा प्रश्न आमच्या जिल्ह्यात कोणी उगाच विचारत नाही. घरात मोनोक्रोटोफॉसचा, म्हणजे फवारणीच्या विषाचा, डबा आहे का, असं मात्र कोणी विचारलं नाही. त्याला परवाना लागत नाही.

कागद पोलीस ठाण्याकडे गेला आणि तिथे बसला. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पोलिसांनी अहवाल महिन्याभरात द्यायचा असतो. आमचा ठाण्यातल्या टेबलावर त्याहून कितीतरी जास्त मुक्कामाला राहिला. कोणी पैसे मागितले असं मी म्हणणार नाही, फक्त "साहेब बंदोबस्ताला गेले" हे वाक्य मला पाठ झालं. गणपती, देवी, मोर्चा, मंत्री. बंदोबस्ताला महाराष्ट्रात कारणांची कमी नाही.

शेवटी एक हवालदार घरी आले. माणूस पक्का. आल्या आल्या बंदुकीचं काहीच नाही, धुऱ्याचं विचारलं. डाव्या धुऱ्याला कोण, उजव्या धुऱ्याला कोण, मोजणी कधी झाली, पाण्याच्या पाटावरून कधी बोलाचाली झाली का. गावातली बहुतेक डोकी धुऱ्यावरच फुटतात, हे त्यांना नोकरीनं शिकवलेलं. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचे जबाब घेतले, पोलीस पाटलांना विचारलं. मग घरात येऊन कपाट भिंतीला पक्कं बसवलंय का ते हलवून पाहिलं आणि माझ्या बायकोकडे वळले.

"ताई, घरात भांडण होते का? दारू घेतात का हे?"

"दारू पेत नाहीत," ती म्हणाली, "पण राग नाकावर हाये."

हवालदारांनी पहिलं अर्धं लिहून घेतलं. दुसऱ्या अर्ध्यावर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते गेल्यावर मी तिला म्हटलं, काहून सांगितलं असं? ती म्हणाली, "विचारलं म्हणून. बंदूक तुमच्या वावराची हाय, पण राहीन त माझ्या घरात ना."

पुतण्याला हा किस्सा सांगितला तर तो खो खो हसला. तो टेक्सासात राहतो. तिथे २०२१ पासून बहुतेक सज्ञान माणसांना बंदूक जवळ बाळगून फिरायला परवाना लागत नाही. दुकानात जायचं, फॉर्म भरायचा, दुकानदार संगणकावर पार्श्वभूमी तपासतो आणि बंदूक हातात देतो. त्यांच्या घटनेतली ती दुसरी दुरुस्ती १७९१ ची. बंदूक बाळगणं हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे, असं त्यांच्या सुप्रीम कोर्टानं २००८ साली स्पष्ट सांगितलं. त्याचं म्हणणं, लोकांकडे बंदुका आहेत म्हणून तिथलं सरकार वचकून असतं. आपल्याकडे बंदूक फक्त पोलिसाकडे आणि गुंडाकडे.

त्याचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. १८७८ साली व्हाइसरॉय लिटननं जो शस्त्र कायदा केला, त्यात भारतीयाला परवाना लागे आणि गोऱ्याला सूट होती. हत्यार काढून घेणं हे गुलाम ठेवण्याचं साधन होतं, याबद्दल तेव्हाच्या पुढाऱ्यांना शंका नव्हती. म्हणून तर १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. हे मला आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींनी सांगितलं, आणि पुढचंही त्यांनीच. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घाला अशी सूचना मांडली. कामत आपल्याच सी. पी. अँड बेरार प्रांताकडून निवडून गेलेले. बाबासाहेबांनी ती मानली नाही. आजच्या कलम १९ मध्ये जमायचा हक्क आहे तो "शांततेने व विनाशस्त्र".

"विनाशस्त्र काहून, ते समजते का तुले?" गुरुजींनी विचारलं. "गावात आधी बंदूक कोणाकडं होती?"

मालगुजाराकडे, म्हणजे गावच्या जमीनदाराकडे. वाड्यात भिंतीला टांगलेली. १९५१ साली मालगुजारी गेली तरी बंदूक आणखी कितीतरी वर्षं तिथेच होती. मालगुजार ती कोणावर चालवत नव्हते, म्हाताऱ्या माणसांना तसं काही आठवत नाही. पण वाड्यासमोरून जाताना पायातल्या वहाणा हातात घेणारी माणसं त्यांना चांगली आठवतात. सगळ्यांना हक्क दिला असता तरी बंदूक विकत घ्यायला पैसे लागतातच, आणि १९४८ साली ते कोणाकडे होते हे गुरुजींनी मला वेगळं सांगितलं नाही.

पुतण्याला मी आकडे सांगितले. स्मॉल आर्म्स सर्व्हे ही संस्था २०१७ सालचा अंदाज देते: अमेरिकेत शंभर माणसांमागे जवळपास १२० बंदुका, त्याखालोखाल येमेनमध्ये सुमारे ५३, भारतात पाचच्या आसपास, जपानात एकही पुरती नाही. बंदुकांनीच सरकार वचकत असतं तर येमेनचा माणूस जपानी माणसापेक्षा मोकळा असायला हवा होता. सद्दामच्या इराकमध्ये घराघरात बंदुका होत्या, सद्दाम राहिलाच. तो म्हणाला, येमेनची गोष्ट वेगळी, तिथे कायदाच नाही. मी म्हटलं, मग मोकळेपण बंदुकीत कुठे राहिलं, ते कायद्यात गेलं ना? यावर त्यानं विषय बदलला. त्याची धाकटी पोरगी मागून सांगत होती की आज शाळेत दार लावून, दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव होता.

तरी आमच्या कायद्याचं कौतुक मला एका मर्यादेपर्यंतच आहे. तो जसा लिहिलाय तसा बरा आहे. नाकारायचं तर कारण लेखी नोंदवावं लागतं, त्यावर अपील करता येतं. व्यवहारात तो माणूस बघून चालतो. माझ्याकडे सातबारा आहे, गावात नाव आहे, हवालदारासमोर खुर्ची टाकता येते. कोळसा खाणीकडच्या पट्ट्यात कित्येकांना परवाना हवा असतो तो गार्डच्या नोकरीसाठी, कारण स्वतःची बारा बोअर असलेल्या गार्डला पगार जास्त. आणि तालुक्याला एखाद्या लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे भाऊ, दादा दिसतातच. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं असा बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. त्यांच्या फाईलला बंदोबस्त आडवा आला असेल असं वाटत नाही.

जिल्ह्याला बोलावलं तेव्हा अधिकाऱ्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. झटका मशीन लावली का? भरमार का नको? कापणी झाल्यावर बंदुकीचं काय? पहिल्या दोन्हींची उत्तरं तयार होती. तिसऱ्याला म्हटलं, कपाटात, कुलपात. त्यांनी मान हलवली आणि एक गोष्ट स्वच्छ सांगितली: हा परवाना डुक्कर मारायचा नाही. रानडुक्कर असो की रोही, मारायचं तर वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी वेगळी. ती नसेल तर बार हवेत, हाकलायला.

परवाना आला. मुदत पाच वर्षं. एकनळी बारा बोअर घेतली, ठाण्यात दाखवली, नोंद केली. पहिल्या बाराला डुकरं नाल्यापर्यंत पळाली आणि माझा खांदा दोन दिवस दुखला. मग २०२४ ची विधानसभा लागली. आचारसंहिता ऑक्टोबरच्या मध्यात, मतदान २० नोव्हेंबरला. ठाण्यातून निरोप, हत्यार जमा करा. म्हणजे वावरात सोयाबीन काढणं, पऱ्हाटीची वेचणी, हरभऱ्याची पेरणी, आणि बंदूक ठाण्याच्या कोठारात. हातात पावती. पुतण्याला पावतीचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: "पाहिलं?" मी कळवलं की निवडणुकीत गावात कोणाच्याच हाती बंदूक नाही, हे मतदानाला जाणाऱ्या माणसासाठी बरंच आहे, राग आहे तो तारखेचा. सोयाबीन निघाल्यावर निवडणूक घ्या म्हणावं.

खरी अडचण पुढेच होती. परवाना माझ्या नावाचा, पण हंगामभर रात्री वावरात असतो तो बाजूच्या पारधी बेड्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, माणूस. डुक्कर कोणत्या वाटेनं येईल हे त्याला पायाच्या ठशावरून कळतं. मला बंदूक असूनही कळत नाही. नोंद नसलेल्याच्या हाती बंदूक देणं गुन्हा. म्हणून त्याला म्हटलं, तुझं नाव परवान्यात नोंदवून घेऊ, अर्ज मी करतो, तुझी पडताळणी होईल तेवढीच.

त्यानं विडी विझवली. "भाऊ, ठाण्यात आमचं नाव आपोआपच जाते. मी मुद्दाम कायले नेऊन देऊ?"

१८७१ च्या इंग्रजी कायद्यानं पारध्यांसारख्या कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. तालुक्यात कुठे चोरी झाली की पहिली गाडी अजून बेड्यावरच जाते. त्याला मी काय समजावणार होतो?

अर्ज केला नाही. आता हंगामात रात्रीची जागली मी करतो आणि तो दिवसा वावर पाहतो. पहाटे तो येतो, ठसे पाहतो, रात्री मी कुठे झोपी गेलो होतो तेही सांगतो.