कॉन्फिग.सब बिनधास्त बदला

यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या ठिबकसाठी मी कंट्रोलर बसवून देतो. आत ६४-बिट आर्मचा छोटा बोर्ड असतो. मोटर, व्हॉल्व्ह, फिल्टरचं प्रेशर सगळं तोच बघतो. बोर्डावर कंपाइल करायला रॅम पुरत नाही, म्हणून बिल्ड लॅपटॉपवर आणि तयार बायनरी (चालवायची फाइल) शेतात.

परवा भाचा एका जुन्या लायब्ररीपाशी अडला. म्हणाला, "मामा, हिला एआर्च६४, म्हणजे ६४-बिट आर्म, माहीतच नाही. सोडून देऊ, दुसरी शोधू."

मी त्याला कॉन्फिग.सब, म्हणजे बिल्डच्या वेळी मशीनची नावं ओळखणारी फाइल, उघडायला लावली. सुरुवातीलाच टाइमस्टॅम्प होता २००५ सालचा. ६४-बिट आर्म जाहीरच झालं २०११ मध्ये, ते या फाइलला कुठून कळणार? लायब्ररीच्या सी कोडमध्ये काहीही खोट नव्हती. चांगला कोड अशा कारणाने टाकून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॉन्फिग.सब आणि तिची जोडीदार कॉन्फिग.गेस (बिल्ड चालू असलेलं मशीन कोणतं ते ओळखणारी) या फाइली लायब्ररीच्या लेखकाच्या नसतातच. त्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या, त्याची ऑटोटूल्स ही बिल्डची साधनं वापरणाऱ्या सोर्ससोबत नक्कल होऊन येतात. नवी प्रत जुनीच्या जागी चालावी अशाच बेताने त्या लिहिल्या जातात. डेबियन किंवा उबुंटूवर ऑटोटूल्स-डेव्ह पॅकेज टाकलं की यूएसआर/शेअर/मिस्कमध्ये ताज्या प्रती मिळतात. तिथून कॉपी करा. फक्त आधी फाइंड (फाइली शोधायची कमांड) चालवा, कारण सबफोल्डरमध्येही जुन्या प्रती दडलेल्या असतात. आमच्याकडे एक निघालीच.

होस्टला (बायनरी ज्यावर चालणार त्या मशीनला) आर्म-लिनक्स-ग्नू असं काहीतरी जुनं नाव देऊन वेळ मारून नेऊ नका. त्या नावाचा कंपायलर सापडला नाही तर कॉन्फिगर (बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट) एक वॉर्निंग देऊन लॅपटॉपचा साधा जीसीसी कंपायलर उचलतो. बिल्ड सुरळीत पार पडतं आणि हाती येते लॅपटॉपचीच बायनरी. ते बांधावर, थ्री-फेज लाइट आलेली आणि शेतकरी शेजारी उभा असताना कळतं. म्हणून निघण्याआधी 'फाइल' कमांडने बायनरी कोणत्या मशीनची आहे ते बघायचंच.

पुढे लिंक करताना आरपीएल_मॅलॉक (मेमरी मागणाऱ्या मॅलॉक फंक्शनचा पर्याय) सापडत नाही अशी तक्रार आली. क्रॉसमध्ये, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्यासाठी बिल्ड करताना, चाचणीचा प्रोग्राम चालवता येत नाही, मग जुना कॉन्फिगर शून्य बाइट मागितले तर मॅलॉक नल (रिकामा पत्ता) देतो असं वाईटच गृहीत धरतो. जीलिबसीवर (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) मॅलॉक नल देत नाही, तेव्हा एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल=येस असं आधीच सांगून टाकायचं.

आता आमच्या बिल्ड स्क्रिप्टची पहिली ओळच या दोन फाइली बदलते. भाच्याने दुसरी लायब्ररी शोधणं थांबवलंय.