तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्यात राहून रोज घरीच?

वाचतात. पैसे वाचतात. आधीच सांगून टाकते, कारण पुण्याचे पाहुणे काय नि ऑफिसातल्या मैत्रिणी काय, "गोव्यात राहून रोज घरीच जेवता? खरंच काही वाचतं का गं त्यात?" हे विचारताना माझं उत्तर "कुठलं काय" असंच येणार, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

पण नुसतं घरी रांधून वाचत नाहीत. इसवणाची, म्हणजे तुमच्या सुरमईची, जाड तुकडी घरी तळा, ती थाळीपेक्षा महाग पडते. थाळीवाला तुकडी पातळ कापतो आणि पोट भरतो भात-कढीनं. स्वस्त पडायचं तर बाजारात त्या दिवशी जे मुबलक असेल तेच घ्यायचं. बांगडे, तारले. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, मासळीला हात लावायची सोय नसते. तेव्हा मे महिन्यातच भरून ठेवलेलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, बाहेर काढायचं. सुकी सुंगटं (कोळंबी), सोलं (आमसुलं), अळसांद्यांचं, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याचं, तोणक (रस्साभाजी). भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरची. तीही बेळगावचीच, पण दोन पैसे कमी. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पोईत (कोंड्याच्या पावात) मात्र मी काटकसर करत नाही. तिथे करायचीच कशाला?

आता एका डिसेंबरची गोष्ट. दीर-जाऊ आले होते. मी तिरफळं ठेचून बांगड्यांचं हुमण, म्हणजे नारळाच्या रसातलं कालवण, केलं, सुकी सुंगटं भाजून ओल्या खोबऱ्याची किस्मूर (कोशिंबीर) कालवली. जाऊबाईंनी झाकण उचललं, वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, गोव्यात येऊन घरचं काय! शॅकवर जाऊ ना." नवरा माझ्याकडे न बघताच "चला" म्हणाला.

शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलाच्या, मेनूवर काही माशांपुढे किंमतच नसते, लिहिलेलं असतं 'आकारानुसार'. वेटरनं ताटात चोणक आणून दाखवला, भला थोरला. दिरांनी मान डोलावली. भाव कुणीच विचारला नाही. मी विचारणार होते, तर टेबलाखालून नवऱ्याचा पाय लागला. यजमान आम्ही, बिल आमचं. आमच्या घरचा पंधरवड्याचा बाजार त्या एका कागदावर होता. तेही चालवून घेतलं असतं. पण परतताना गाडीत जाऊबाई माझ्या लेकीला म्हणाल्या, "तुझी आई फार हिशोबी आहे हं," आणि सगळे हसले. नवराही. लेकही.

हुमण दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं, त्यामुळे वाया काही गेलं नाही. हे मी तेव्हाही सगळ्यांना ऐकवलं. ऐकवायला नको होतं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही.

लग्नाआधी फोंड्याला नोकरीत असताना मी रोज सकाळी हॉटेलात भाजीपाव खायचे. ती मुलगी मला आज भेटली तर सरळ कंजूष म्हणेल. म्हणू दे, तिच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता कुठे होता? पण सकाळी सहाला तिला खोबरं खवावं लागत नव्हतं, हेही खरं.

नवरा म्हणतो, "तुझ्या वेळेचे पैसे धर, मग बघ किती वाचतात." धरते की. पण मग ते मला देणार कोण? (मासे तो साफ करतो, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.)

यंदा पुन्हा दीर-जावांचा फोन आलाय. नवऱ्याचं म्हणणं, एक दिवस बाहेर, बाकी घरी. मी अजून हो म्हटलेलं नाही.