ओला कचरा गेटच्या आत: आमची वाटचाल

पुण्यात हडपसरला आमचं बी-बियाणं आणि खतांचं छोटं दुकान होतं. २०१६ साली घनकचऱ्याचे नवे नियम आले. रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्या, हॉटेलं, मंगल कार्यालयं यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवावा, असं त्यात सांगितलं होतं. त्यानंतर दुकानात येणाऱ्या सेक्रेटरींचे प्रश्नच बदलले. गुलाबाला काय घालू, हे राहिलं बाजूला; "आमचा गांडुळांचा खड्डा चालू करून देता का?" अशी विचारणा व्हायला लागली. मी आणि माझ्या धाकट्या भावाने हो म्हटलं, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत हे काम सुरू झालं.

आमच्यासाठी मात्र कारण जुनं होतं. आमचं आजोळ फुरसुंगीचं. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोवर वर्षानुवर्षं सगळ्या शहराचा मिसळलेला कचरा येऊन पडला. ओला कचरा ढिगाखाली दबला की त्याला हवा मिळत नाही. तो सडतो, मिथेन तयार होतो, आगी लागतात आणि काळं पाणी जमिनीत झिरपत राहतं. मामाच्या विहिरीचं पाणी आधी तांबूस झालं, मग त्याला वास यायला लागला, शेवटी जनावरंही तोंड लावेनात. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपो पेटला, गावाने गाड्या अडवल्या आणि शहरातले कंटेनर ओसंडले. तेव्हा कुठे कचरा हा पुणेकरांच्या घरातला विषय झाला. फुरसुंगीकरांनी तो त्याआधी पंचवीसेक वर्षं नाकातोंडात भरून घेतला होता, हे मला आजही सांगावंसं वाटतं.

सुरुवातीची कामं बहुतेक बंद खड्ड्यांचीच होती. नव्या इमारतींना गांडूळखताचा खड्डा बांधावा लागतो, चालू ठेवला तर महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, सोबत सौर ऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवण्याची सोय असेल तर १० टक्के. म्हणून खड्डे होते. पण झाकण उघडलं की आत तुटक्या खुर्च्या आणि सिमेंटच्या गोण्या निघायच्या. खड्डा बिल्डरने बांधून दिला होता. तो रोज चालवायचा कोणी आणि त्या माणसाला पगार कोण देणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

आमचा धंदा याच रिकाम्या जागेत उभा राहिला. आम्ही खड्डा विकत नाही, त्याची रोजची देखभाल विकतो. सकाळी आमच्या ताई बादली ताडपत्रीवर पालथी करतात. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, रबरबँड, सफरचंदावरचा स्टिकर हाताने वेचतात. मग ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर वाळलेल्या पाल्याचा किंवा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) थर, थोडं कल्चर, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण. मूठभर माल दाबून बघायचा: बोटांच्या फटीतून एखादा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर आणखी पाला. जमलं की एक-दोन दिवसांत ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, माश्यांच्या अळ्या त्यात टिकत नाहीत आणि वास मातीचा येतो. घाण वास आला तर समजायचं, हवा कमी आणि पाणी जास्त.

मध्यंतरी चोवीस तासांत खत देणाऱ्या यंत्रांची लाट आली. त्यातल्या एकातून निघालेला माल एका सोसायटीने कुंड्यांना घातला, पाणी पडताच तो पुन्हा सडायला लागला. कचरा वाळवून दळला म्हणजे खत होत नाही. जिवाणूंना त्यांचे आठवडे द्यावेच लागतात. त्या वर्षी आमची काही कामं गेली, पुढे बरीचशी परत आली. लॉकडाऊनमध्ये ताईंना गेटवरच अडवलं, तेव्हा काही ठिकाणी रहिवाशांनी स्वतः ढीग पलटले. त्या सोसायट्यांत आजही वर्गीकरण सगळ्यात चोख आहे.

वॉर्डाचा ओल्या कचऱ्याचा आराखडा करायच्या बैठकांना आता आम्हालाही बोलावतात. तिथे मी आग्रहाने सांगते, आधी कचरा कुठून कसा येतो ते लिहून काढा. हॉटेलातलं तेलकट शिजलेलं अन्न बायोगॅसला द्या. महापालिकेचे ५ टनी बायोगॅस प्रकल्प वेगवेगळ्या वॉर्डांत आहेत, त्यांना स्वच्छ माल मिळाला पाहिजे. शहाळी आणि रसवंतीची चिपाडं श्रेडरला, म्हणजे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राला. घरातली सालं-देठं शक्यतो गेटच्या आतच. पेठांत, वस्त्यांत खड्ड्याला जागा नाही. तिथे चार गल्ल्यांत मिळून एक शेड महापालिकेनेच उभारावी. आणि पैसे प्रकल्पाच्या कागदावरच्या टनांवर देऊ नका, तयार होऊन बाहेर पडलेल्या खतावर द्या. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या कचरावेचक २००८ पासून महापालिकेशी झालेल्या कराराने दारोदार फिरतात. कुठल्या इमारतीत कचरा मिसळून येतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. आराखडा करताना त्यांना खुर्ची पहिल्या रांगेत हवी.

खताला गिऱ्हाईक हाही आराखड्याचाच भाग. आमचं खत ४ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून, तपासून घेतो; कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण २० च्या खाली आल्याशिवाय, म्हणजे खत नीट पिकल्याशिवाय, गोणी शिवत नाही. सोसायटीला लागेल तेवढं ठेवून उरलेलं फुरसुंगी-उरुळीच्या बाजूच्या शेतकऱ्यांना जातं, सध्या वाहतूक आमच्या खर्चाने. हा खर्च आराखड्यात धरावा, असं आम्ही लेखी दिलंय.

आता जानेवारी ते एप्रिल पानगळ. पुण्यात या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर पाला पेटवतात, आणि आम्हाला ओल्या कचऱ्यात घालायला तोच कमी पडतो. हडपसर, मगरपट्टा, वानवडी या भागात कुणाकडे पाला साठला असेल तर दुकानात निरोप द्या. गोणी आमच्या, गाडीही आमचीच येईल. फक्त त्यात प्लॅस्टिक नको.