मागची भिंत: ठीक

डिसेंबरात गिरगावातल्या एका चाळीची पाहणी केली, तेव्हा अहवालात मी स्वतःच लिहिलं होतं, 'मागची भिंत: ठीक.' आमचं ऑफिस तिघांचं, त्यामुळे चूक दुसऱ्याच्या नावावर ढकलायची सोय नाही.

चाळ हेरिटेज यादीतली. हेरिटेज नियमांमुळे दर्शनी भाग बदलायचा तर परवानगी लागते, म्हणून आमचा बहुतेक वेळ पुढच्या सागवानी कठड्याची आणि कोरीव ब्रॅकेटांची मापं घेण्यात गेला. मागच्या भिंतीवर कुणीतरी वीसेक वर्षांपूर्वी सिमेंटचं प्लास्टर चढवलेलं. गुळगुळीत, एक तडा नाही. बाकीच्या भिंतींचा चुना ढलप्या सोडत असताना हिच्याकडे कोण बघतं?

मे संपत आला होता. पावसाआधी मागची बाजू रंगवून टाकू म्हणून परांची बांधली. सुतारमामा वर चढले आणि सवयीने हातोडीच्या दांड्याने ठोकत निघाले. टण, टण, टण. मग धप्प.

प्लास्टर ताटाएवढ्या तुकड्यांनी निघालं. आतल्या विटा ओल्या, भर उन्हाळ्यात! चुन्यातली भिंत ओल पिते आणि हवा कोरडी झाली की सोडते. बाहेरून सिमेंट थापलं की तिला सुटायला वाटच राहत नाही, आणि भिंतीत रुतलेलं लाकूड कायम ओलं राहतं. मामांनी तुळईच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"ताई, ही तुळई नाय, चहात बुडवलेली खारी हाय."

माझ्या पोटात गोळा आला. वरच्या दोन खोल्या तासाभरात रिकाम्या करवल्या, खाली टेकू लावले. कंत्राटदार म्हणाला, लाकूड काढा, लोखंडी गर्डर टाका. मामा काही बोलले नाहीत. टोकापासून पुढे सरकत पटाशीने तासत राहिले. अडीच फुटांवर ढलपी पिवळी, तेलकट निघाली आणि सागाचा वास आला. कुजलं होतं ते तेवढंच. जुन्या लाकडाच्या वखारीतून साग आणून सांधा द्यायचा, बोल्ट मारायचे आणि बाहेरून पुन्हा चुना, असं तिथेच ठरलं.

पाणी येत होतं दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीतून. पूर्वी तिथे बादली असायची, आता टाइल्स आणि शॉवर. पाइपाचा जोड झिरपत होता. आजी शेजारणीच्या खोलीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"म्हणजे माझ्या आंघोळीने चाळ पडत होती?"

"नाही हो आजी. पाइपाने."

"पण तू हिवाळ्यात आली होतीस ना? त्या मोरीशेजारीच स्टुलावर बसून चहा घेतलास की!"