आमची वाटचाल: कोंबड्यांच्या धंद्यात राजहंस

खरं सांगायचं तर हा धंदा आम्ही सुरू केलाच नाही, सासूबाईंचा होता. पानशेत रोडला खानापूरच्या पुढे आमचं घर, मागे दहा गुंठे जागा, तिथे आईंच्या चौदा गावरान कोंबड्या आणि दोन डालगी. अंडी जास्त झाली की मिस्टर कामावर जाताना सिंहगड रोडच्या एकदोन सोसायट्यांत द्यायचे, मग तिथल्या बायकांनी व्हॉट्सॅप ग्रुप केला, मग कोथरूडवरून फोन यायला लागले आणि २०१८ च्या दिवाळीनंतर मिस्टरांनी नोकरी सोडली. खडकीच्या सरकारी उबवणी केंद्रातून पिल्लं आणली, लासोटा (मानमोडीची लस), गंबोरो, देवी अशा कोंबड्यांच्या लशी असं सगळं कॅलेंडरवर लिहून करायला शिकलो. आईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण एका उन्हाळ्यात पलीकडच्या वाडीत मानमोडीच्या साथीने खुराडी रिकामी झाली आणि आमच्या कोंबड्या राहिल्या, तेव्हापासून लशीची आठवण त्याच करतात.

मधली वर्षं सगळ्या पोल्ट्रीवाल्यांची गेली तशीच. २०२० ची कोंबडीतून कोरोनाची अफवा, मग जानेवारी २०२१ चा परभणीकडचा बर्ड फ्लू. ते उगाळत बसत नाही.

राजहंस आले २०२२ मध्ये आणि आले ते मुंगसामुळे. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, एक नेतं आणि तीन मारून टाकतं. आठवड्यात अकरा तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या) गेल्या. कुणीतरी म्हणलं राजहंस पाळा, कुत्र्यापेक्षा बरी राखण करतात, सापसुद्धा फिरकत नाही (सापाचं माहीत नाही, आमच्याकडे नंतरही दोनदा धामण निघाली). मग एक नर दोन माद्या घेऊन आलो. घेतानाच फसलो असतो, कारण नर मादी दिसायला सारखेच. विकणाऱ्या म्हाताऱ्याने आवाजावरून ओळखायला शिकवलं, नराचा चिरका आणि मादीचा भसाडा. आमचे पांढरे आणि चोचीच्या वर टेंगूळ असलेले, म्हणजे चिनी जातीचे, आणि बोंबलण्यात हे सगळ्यात पुढे. लोक विचारतात भिगवणला दिसतात तेच का हे. नाही हो, ते पट्टकादंब, रानपक्षी, थंडीत पाहुणे येतात, त्यांना पाळायचं नसतं, कायद्यानेच बंदी आहे.

आमची चूक ही की आम्ही त्यांना मोठी कोंबडी समजलो. एकच शेड, एकच फीड, पाण्याची एकच घमेली. शाळेत नीरक्षीरविवेक वगैरे शिकलेलो, हंस म्हणे दूध आणि पाणी वेगळं करतो. आमच्या राजहंसांनी दोन तासांत पाणी, शेण, तूस आणि लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं फीड) एकत्र करून दाखवलं. त्यांना डोळे नाक धुवायला चोच बुडेल इतकं पाणी लागतंच, आणि ते पाणी शेडमध्ये ठेवलं की खालचं तूस ओलं, अमोनियाचा वास, आणि ओल्या तुसात कोंबड्यांना रक्ती हगवण. त्या पावसाळ्यात मुंगसाने नेली नसती इतकी पिल्लं आम्हीच घालवली. त्यानंतर हंसांचा वाडा वेगळा, पाण्याचा टब उताराला, आणि टबातलं पाणी केळीच्या आळ्यात जातं. केळी मात्र झकास आल्या.

दुसरं म्हणजे राजहंस हा गवतावरचा पक्षी. हरळी कात्रीने कापल्यासारखी खातो. पहिल्या वर्षी आम्ही धान्य घालून घालून त्यांना लठ्ठ केलं, आता गवत भरपूर आणि संध्याकाळी घरी बोलवायला मूठभर गहू, इतकंच. पिल्लांचं अजून नाजूक. खुडूक कोंबडीखाली हंसाची चार अंडी ठेवली होती, एकेक अंडं गावरान अंड्याच्या तिप्पट, तिला ती फिरवताच येईनात, मग आई रोज दोनदा हाताने फिरवायच्या आणि शेवटी शेवटी पाणी शिंपडायच्या. कोंबडीची एकवीस दिवसांची सवय, बिचारी तिसाव्या दिवसापर्यंत बसली. दोन निघाली. त्यांना आम्ही आपलं कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर फीड घातलं तर तिसऱ्या आठवड्यात एक पिल्लू पायावर उभं राहीना. डॉक्टर म्हणाले यांना नियासिन (एक बी जीवनसत्त्व) कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, यीस्ट द्या, आणि कॉक्सीचं, म्हणजे त्या रक्ती हगवणीचं औषध मिसळलेलं फीड विचारल्याशिवाय घालू नका. यीस्टने दहा दिवसांत ते पळायला लागलं, अजूनही जरा फेंगडं चालतं.

आता राखणीचं. मुंगसाच्या मागे नर खरंच धावला, पंख पसरून, मान जमिनीला लावून, आणि ते मुंगूस काही महिने दिसलं नाही. आम्ही खूश. पण हे पक्षी कशालाही ओरडतात, रिक्षाला, पौर्णिमेला, शेजारच्या हळदीला. रात्री रोज उठून बॅटरी घेऊन बघायचो, काही नसायचं. फेब्रुवारीत एका रात्री दोनला नुसता कल्लोळ, मिस्टर म्हणाले झोप, परत रिक्षा असेल, आणि आम्ही कूस बदलली. सकाळी जाळी एका कोपऱ्यात उचकटलेली, कुत्र्यांनी सतरा कोंबड्या मारलेल्या. राजहंस तिघंही वाड्यात धडधाकट, घसा बसेपर्यंत ओरडलेले. म्हणजे ज्याला राखण म्हणून विकतात ती राखण नाही, ती नुसती घंटा आहे, उठायचं आपणच. त्यानंतर जाळी एक फूट जमिनीत पुरली, शेडचं दार आतून कडीचं केलं, आणि ओरडले की एकाने तरी उठायचंच असा नियम, पाळी लावलेली आहे, माझी सोमवार बुधवार शुक्रवार.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडला जीबीएसचे (गुलियन बॅरे, नसांचा आजार) पेशंट निघाले, दूषित पाण्याबरोबर कोंबड्यांवरही संशय आला, तेव्हा परत ऑर्डरी निम्म्यावर आल्या. एका ताईंनी आमच्या व्हिडिओत टबातलं गढूळ पाणी बघितलं आणि विचारलं, कोंबड्या हेच पितात का हो. राग नाही आला, प्रश्न बरोबरच होता. त्यांना वेगळे वाडे, वेगळी भांडी, वेगळ्या चपला सगळं दाखवलं. पाणपक्षी स्वतः आजारी न दिसताही बर्ड फ्लू बाळगू शकतात, म्हणून हिवाळ्यात आमचे हंस खडकवासल्याच्या बॅकवॉटरकडे आम्ही जाऊच देत नाही, हेही सांगितलं. त्या अजून गिऱ्हाईक आहेत.

आज कोंबड्या १८० च्या आसपास, हंस पाच. हंसांची अंडी विकत नाही, थंडीत थोडीच येतात आणि आई एकाचंच आम्लेट चौघांना घालतात. हिशोबाच्या वहीत त्यांच्या नावावर फक्त खर्च. नराने मागच्या वर्षी फीडवाल्याची पिंढरी धरली, तेव्हापासून तो पोती फाटकाबाहेरच टाकून हॉर्न मारतो आणि जातो, आणि पन्नास किलोचं एकेक पोतं ढकलगाडीवर घालून आत आणायचं काम माझ्याकडे आलंय.